डोकं माझं, पण केस मम्मीचे

"ताई, मी नांदेडची. तुमचं नाव बघूनच फोन केला. लेकरू केस कापायचं म्हणतंय. आम्ही कुठं कमी पडलो, तेवढं सांगा."

पश्चिम लंडनमध्ये मी समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे शीख पालक बहुधा इंग्रजी-पंजाबी मिसळून बोलतात. साउथॉल स्टेशनच्या पाटीवरही गुरुमुखी अक्षरं आहेत, इतका हा भाग त्यांचा. तिथून मराठवाडी वळणाचं मराठी ऐकू आलं, तेव्हा दोन क्षण मी गप्पच झाले. प्रश्न मात्र ओळखीचा होता. कुणाच्या घरी तो भाषेवरून येतो, कुणाच्या घरी जेवणावरून, कुणाच्या घरी देवावरून. शीख घरात तो बहुतेकदा केसांवरून येतो, आणि तिथे त्याचं वजन फार वेगळं असतं.

कुटुंबाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. मुलगा तेरा वर्षांचा. धाकटी बहीण त्याला 'वीरे' म्हणते, पंजाबीत भावाला म्हणतात तसं. मीही इथे त्याला वीरेच म्हणते.

पहिल्या भेटीला आई, वडील, दादाजी आणि वीरे असे चौघं आले. चाळीस मिनिटं तिघं मोठे बोलत होते. वीरे डोक्याला काळा पटका बांधून जमिनीकडे बघत बसला होता. पटका म्हणजे अंबाड्यावरून, म्हणजे जूड्यावरून, घट्ट बांधायचा चौकोनी रुमाल; पगडी बांधायच्या वयाचे होईपर्यंत मुलं तो बांधतात. मोठ्यांचं बोलणं संपल्यावर मी त्याला विचारलं, "तुला शीख राहायचंय का?" त्यानं खांदे उडवले. तो प्रश्न माझा चुकला होता. तेरा वर्षांच्या मुलाला एवढ्या मोठ्या दारासमोर उभं करायचं नसतं. त्यानं फक्त केसांबद्दल तोंड उघडलं होतं.

पुढच्या भेटीत तो एकटा आला. या वेळी मी म्हटलं, "सकाळी उठल्यापासून काय काय होतं ते सांग." मग तो सांगत गेला. सात वाजून दहा मिनिटांनी मम्मी कंगवा घेऊन मागे उभी राहते. डबा राहिलेला असतो, बहिणीचा बूट सापडत नसतो, त्यामुळे हात भराभर चालतात आणि जूडा इतका ताणून बसतो की पहिल्या तासाला कपाळ ठणकतं. रविवारी केस धुवायचे, वाळवायचे, तेल लावायचं. या देशात मुलांच्या फुटबॉलच्या मॅचेस बहुतेकदा रविवारी सकाळी असतात. एक तर ओल्या केसांनी जायचं, नाहीतर मॅच सोडायची. हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "डोकं माझं, पण केस मम्मीचे."

तेरा वर्षांचा मुलगा, पण स्वतःचे केस त्यानं एकदाही स्वतः धुतले नव्हते. पटका बांधता येत नव्हता. वाकडा बांधेल, लोक काय म्हणतील, म्हणून आईनं ते काम कधी सोडलंच नव्हतं.

याचा खरा अर्थ चौथ्या भेटीत कळला. शाळेच्या कपडे बदलायच्या खोलीत दोन मुलं त्याच्या जूड्यावर दाराची घंटा दाबल्यासारखं बोट दाबायची आणि तोंडानं 'डिंगडाँग' म्हणायची. हे कित्येक महिने चाललं होतं. एक दिवस त्यांनी पटका ओढून काढला आणि बाकाखाली फेकला. केस सुटले. वीरेला ते परत बांधता येईनात. तो संपूर्ण तासभर संडासात कडी लावून बसला. घरी येताना हुडी डोक्यावर ओढून आला आणि आईला म्हणाला, खेळताना सुटला.

"घरी का नाही सांगितलंस?"

"दादाजी भाई तारू सिंगांची गोष्ट सांगतात. त्यांनी डोक्याची कातडी दिली, पण केस दिले नाहीत. मी टॉयलेटमध्ये रडत बसलो होतो."

लाहोरला १७४५ साली झालेलं भाई तारू सिंगांचं हौतात्म्य शीख घरात लहानपणापासून सांगितलं जातं, आणि ते सांगायलाच हवं. पण त्या गोष्टीसमोर आपलं संडासातलं रडणं मांडायचं कसं, हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. शूरांच्या घरात भ्यायला जागा नाही, अशी त्याची समजूत झाली होती. त्याच्यापुरता सुटकेचा एकच रस्ता उरला होता आणि तो न्हाव्याच्या दुकानातून जात होता.

अशा वेळी मी पालकांना सांगते की इथे दोन प्रश्न एकात अडकले आहेत. पहिला प्रश्न छळाचा, दुसरा श्रद्धेचा. पहिला मोठ्यांनी सोडवायचा असतो, आणि तो सुटेपर्यंत मुलाला दुसरा विचारायचा नसतो. मुलाने आज केस कापले तर ते श्रद्धेपोटी की भीतीपोटी, हे त्याला स्वतःलाही कधी कळणार नाही. आज सक्तीनं ठेवले तरी तेच होईल. केस ठेवावेत की नाही, हे सांगणं माझं काम नाही. तो त्याच्या पंथाचा विषय आहे. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ साली खालसा स्थापला तेव्हापासून केश हा पाच ककारांतला, म्हणजे खालसा शिखानं सतत अंगावर बाळगायच्या पाच खुणांतला, एक आहे. तो काही पेहराव नव्हे, आणि 'केसच तर आहेत' असं म्हणणाऱ्या समुपदेशकाकडे शीख कुटुंबानं जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलाला विचारून मी पालकांना शाळेतलं सगळं सांगितलं. आईनं तोंडाला पदर लावला. वडील म्हणाले, "हे काहीच नाही. आमच्या वेळी याहून वाईट होतं." ते साउथॉलमध्येच जन्मले, वाढले. १९७६ साली याच भागात गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा भोसकून खून झाला. वडिलांचं बालपण त्या आठवणीच्या सावलीत गेलेलं. त्या मापानं मोजलं तर जूड्यावरचं बोट खरंच 'काहीच नाही'. पण मुलाला त्या मापाशी काय करायचंय? त्याचा दिवस त्याच्या मापाचा असतो.

शाळेत आधी "मुलांची थट्टामस्करी" असं उत्तर मिळालं. वडील तिथूनच परत फिरणार होते. मी त्यांना १९८३ चा निकाल सांगितला. बर्मिंगहॅममध्ये एका शीख मुलाला पगडीमुळे शाळेत प्रवेश नाकारला, ते प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं आणि शिखांना वंशभेदविरोधी कायद्याचं संरक्षण आहे असं ठरलं. या देशात जन्मलेल्या त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. त्या रात्री बसून त्यांनी तारीखवार सगळं लिहून काढलं: काय झालं, कुठे झालं, कोण होतं. पटका ओढण्याची नोंद थट्टा म्हणून न करता धर्मावरून आणि वंशावरून झालेला त्रास म्हणून करावी, अशी लेखी मागणी केली. एकदा लेखी गेल्यावर शाळेचा सूर बदलला. त्या खोलीत शिक्षक उभे राहू लागले, दोन्ही मुलांच्या पालकांना बोलावलं गेलं. मला तोंडी तक्रारीचा फारसा भरवसा नाही. पालकांनो, लिहा, तारीख घाला आणि प्रत जवळ ठेवा.

आईबरोबरच्या दोन भेटी मात्र मराठीतच झाल्या. त्या एकदम म्हणाल्या, "ताई, इथं मिसळलं की विरघळलं. मला तेच भ्या वाटतं."

मी त्यांना नांदेडबद्दल विचारलं. मग बाई खुलल्या. सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर घर. दसऱ्याला हल्लाबोलची मिरवणूक निघायची तेव्हा गच्चीवर जागा धरायची. शाळा मराठी. पूर्वज निजामाच्या काळात पंजाबातून फौजेबरोबर आले ते दख्खनचेच झाले. "आमच्या आजीला पंजाबी धड बोलता येत नव्हतं. बाजारात मराठी, घरात दखनी. पण पहाटे जपजी साहिब चुकला नाही, अन् केसाला कधी कात्री लागली नाही." जपजी म्हणजे शिखांची पहाटेची प्रार्थना. एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचं मला काही सांगावं लागलं नाही. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ गोदाकाठी मिसळूनही न विरघळलेल्या घरातली ती लेक होती. वीरेला यातलं काही ठाऊक नव्हतं. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, हेसुद्धा त्याला त्यानंतर कळलं. घरी पंजाबचं कौतुक इतकं व्हायचं की आईचं नांदेड कुणाच्या बोलण्यातच येत नसे.

पुढचं काम साधं होतं, पण आईला ते जड गेलं: कंगवा मुलाच्या हातात द्यायचा आणि स्वयंपाकघरात जायचं. पहिले आठ-दहा दिवस पटका वाकडाच बांधला गेला. आईनं मागून हात घालायचा नाही, एवढीच अट होती. केस धुवायचा वार रविवारऐवजी शुक्रवार झाला. फुटबॉल सुरू झालं.

सगळ्यात अवघड काम वडिलांचं होतं. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही मुलाला एक वाक्य सांगायला हवं. तू केस कापलेस तरी तू माझाच मुलगा राहशील." ते रागावले. हे म्हणजे परवानगी देणं झालं, म्हणाले. त्यांची भीती खोटी नव्हती. पण वीरेनं मला सांगितलं होतं की केस गेले तर पापा माझ्याशी बोलायचे थांबतील. एवढ्या धाकानं ठेवलेले केस अठराव्या वर्षी घराबाहेर पडल्यावर किती दिवस टिकतात, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. वडिलांना ते वाक्य बोलायला तीन आठवडे लागले. गाडीत, समोर रस्त्याकडे बघत बोलले. वीरे काहीच म्हणाला नाही, फक्त रेडिओ बंद केला.

आणि मग दादाजी. ते १९६१ साली जालंधरहून आले, एकोणीस वर्षांचे असताना. दुसऱ्याच आठवड्यात चुलतभावानं त्यांना न्हाव्याकडे नेलं, कारण पगडीवाल्याला कारखान्यात काम मिळत नव्हतं. त्या पिढीतल्या असंख्य शिखांनी हेच केलं. पुढे वुल्व्हरहॅम्प्टनच्या बसकामगारांनी पगडी आणि दाढीसाठी दोन वर्षं लढा दिला, १९६९ मध्ये बंदी उठली, आणि त्याच वर्षी दादाजींनी केस पुन्हा वाढवायला घेतले. घरात हे फक्त दादीला माहीत होतं. माझ्याकडच्या पहिल्या भेटीत नातवाला सर्वांत कडक शब्दांत बोलले होते ते हेच दादाजी.

त्यांनी हे नातवाला स्वतःहून सांगितलं, मी सुचवलं नव्हतं. वडील माझ्याकडे धावत आले: "आता तो म्हणेल दादाजींनी पण कापले होते!" आणि वीरे अगदी तसंच म्हणाला. पण त्याच्या पुढे त्यानं विचारलं, "मग परत का वाढवले? काम तर मिळालं होतं." दादाजी म्हणाले, "शरम नहीं सी पुत्त, याद औंदी सी." लाज वाटत नव्हती रे बाळा, आठवण यायची.

या सगळ्यात बहिणीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, माझंसुद्धा. ती दहा वर्षांची. ओठावरच्या लवेवरून वर्गातल्या मुली तिला चिडवतात, हे तिनं भावाला सांगितलं आणि भावानं मला. केशाची चर्चा आपण पगडीपाशी सुरू करून पगडीपाशीच संपवतो. मुलींच्या अंगावरचे केस, भुवया, ओठ यांवर घरात अवाक्षर निघत नाही, आणि त्या गुपचूप मैत्रिणीकडून रेझर आणतात. आता तिच्या आईशी आम्ही त्याबद्दल बोलतो आहोत. ते काम अजून चालू आहे.

वीरेनं केस ठेवायचे की नाही, हे अजून ठरवलेलं नाही. सोळा वर्षांचा झाल्यावर पुन्हा बोलू, असं त्यानंच घरी सांगितलं आहे. मध्यंतरी गुरुद्वाऱ्यातल्या मोठ्या मुलांकडून पगडी बांधायला शिकला. पाच मीटर कापडाची लांबट घडी एकट्याला घालणं अवघड जातं. दोन टोकं दोघांनी ताणून धरली की ती नीट बसते. त्या घडीला पूणी म्हणतात. दुसरं टोक पापा धरतात.

गेल्या महिन्यात आईचा निरोप आला: "ताई, काल रात्री त्यानं सोताच केस धुतले. न्हाणीघरात सगळं पाणीच पाणी. मी काही बोलले नाही."