मशीन साडेसात हजारांचं, थकबाकी एक लाख दहा हजारांची

छत्रपती संभाजीनगरच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३६, वाळूजला सुपरवायझर, हातात पगार ५८ हजार. बीड बायपासला वडिलांनी बांधलेलं रो-हाऊस, कर्जावर घेतलेली हॅचबॅक, घरी आई, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. पत्र थोडं आटोपशीर करून देतो :

‘गाडी आणि घरासाठी प्रेशर वॉशर घ्यायचा आहे. दोन निवडून ठेवलेत. एक साडेसात हजारांचा, साध्या मोटरचा. दुसरा सोळा हजारांचा, इंडक्शन मोटरचा. कार्डावर बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय मिळतोय. वॉशिंग सेंटरला महिन्याला ७०० रुपये जातात, ते वाचतील. शिवाय दर रविवारी कॉलनीतल्या दहा गाड्या दोनशे रुपयांनी धुतल्या तर महिन्याला आठ हजार सुटतात, म्हणजे मोठं मशीन दोन महिन्यांत फुकट. कोणतं घेऊ? ता. क. कार्डावर सध्या १ लाख १० हजार बाकी आहे, पण मिनिमम ड्यू मी कधीच चुकवत नाही. मुलीच्या पॉलिसीचा लाखाचा हप्ता पॉइंटसाठी कार्डावर भरला होता. येत्या जानेवारीचाही तसाच भरेन. दीड लाखाची एफडी आहे, पण ती आईच्या आजारपणासाठी. तिला हात लावत नाही.’

मशीनचं आधी उरकून टाकू. घ्यायचंच तर साडेसात हजारांचं घ्या. इंडक्शन मोटर जास्त टिकते, आवाज कमी करते, हे खरं. पण ते मशीन रोज तास-दोन तास चालवणाऱ्यासाठी. तुमची गाडी पंधरवड्यातून एकदा वीस मिनिटं धुतली जाणार. तेवढ्याला कार्बन ब्रशची साधी मोटर पुष्कळ झाली. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ‘बार’चा (पाण्याच्या दाबाचं माप) आकडा हा बहुतेक वेळा कमाल दाब असतो, चालताना त्याहून कमीच मिळतो. आत ‘रेटेड’ किंवा ‘वर्किंग’ म्हणून दिलेला आकडा बघा. गाडीच्या रंगाला ८०-१०० बार भरपूर. पंख्यासारखा फवारा उडवणारं नोझल वापरा आणि फूटभर तरी लांब धरा. एका बिंदूवर मारणारं झिरो डिग्रीचं नोझल रंगावर नको, टायरच्या कडेवरही नको आणि गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा कोट असेल तर तिथे अजिबात नको, पापुद्रे सुटतील.

तुमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणजे मशीन चालणार टाकीवर. एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीला खाली जेमतेम पाव-अर्धा बार दाब मिळतो आणि अर्ध्या इंची लांब पाइपातून मिनिटाला सहा-सात लिटर येतीलच असं नाही. पाणी कमी पडलं की पंप कोरडा चालतो, सील जातात आणि वॉरंटीवाला हात वर करतो. म्हणून पिंपातून पाणी ओढणारं मॉडेल बघा, इनलेटला जाळी लावा (बोअरच्या पाण्यात बारीक रेती असतेच) आणि ट्रिगर सोडला की मोटर आपोआप बंद होते ना, हे दुकानात चालवून बघा. पंधराशे-अठराशे वॅटला सात-आठ अँपिअर लागतात, तेव्हा मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटवर नाही, पॉवर पॉइंटवर. सर्व्हिस सेंटर शहरात हवं. मशीनचं एवढंच.

आता रविवारचा धंदा. एका गाडीला साधारण ७० लिटर धरा, दहा गाड्यांना ७०० लिटर, महिन्याला जवळजवळ तीन हजार लिटर. टँकरचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शांपू, पुसणं, आतली धूळ धरून एका गाडीला चाळीस मिनिटं, म्हणजे रविवारचे सात तास. घरगुती मशीनची वॉरंटी घरगुती वापरापुरती असते, सलग दहा गाड्या तिला चालत नाहीत. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक. गाडी पुसणारा मुलगा महिन्याला पाच-सहाशेत रोज येतो. शेजारी तुम्हाला आठवड्यातून एका वेळेसाठी महिन्याला आठशे का देतील? पहिल्या रविवारी कौतुकानं देतील, तिसऱ्या रविवारी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतील. आठ हजारांची ही ओळ वहीतून खोडा.

नो कॉस्ट ईएमआयला कॉस्ट असते. सोळा हजारांवर बारा महिन्यांचं व्याज तेराशेच्या आसपास. तेवढी सूट विक्रेता आधी देतो आणि बँक नंतर वसूल करते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमचाच, वर प्रोसेसिंग फी. चार-साडेचारशे रुपये गेले. रोखीवर मिळणारी सवलत हुकते ती वेगळी. ही रक्कम किरकोळ आहे. तुमच्या ताज्या कलमापुढे तर फारच किरकोळ.

‘मिनिमम ड्यू कधीच चुकवत नाही’ हे वाक्य तुम्ही अभिमानानं लिहिलंय. या वाक्यावर कार्ड कंपन्या जगतात. थकबाकीवर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज : एक लाख दहा हजारांवर ३,८५०. त्यावर जीएसटी, सुमारे ७००. झाले साडेचार हजार. तुम्ही भरता मिनिमम, म्हणजे बाकीच्या पाच टक्के : साडेपाच हजार. मुद्दल हललं हजारानं. या जानेवारीपासून मिनिममच भरत असाल, तर तुमचे आकडे साधारण असे असणार : दहा महिन्यांत पंचावन्न-साठ हजार भरले, कर्ज दहा हजारांनी कमी झालं. मधले पंचेचाळीस-सत्तेचाळीस हजार म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही मला पत्र लिहिलंत ती सहा मशीनं. पॉइंट किती मिळाले? लाखाला फार तर पाचशे-हजार रुपयांचे. शिवाय मागची बाकी शिल्लक असताना कार्डावरच्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. किराणा घासलात तरी पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

आणि शेजारी एफडी पडून आहे. साडेसहा टक्क्यांनी दीड लाखावर महिन्याला आठशे रुपये, करापूर्वी. आठशे कमवायचे आणि साडेचार हजार द्यायचे! आईच्या आजारपणाचं कारण मला पटतं, पण दर महिन्याला ते पैसे आईच्या हातून निसटून बँकेकडेच चाललेत. एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड अर्धा-एक टक्का, म्हणजे साडेसातशे ते पंधराशे. मोडायला मन होत नसेल तर त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून उचल) घ्या. तो एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के महाग पडतो, कार्डाच्या वर्षाला बेचाळीस टक्क्यांपुढे काहीच नाही. कार्डाची पूर्ण रक्कम एकदम भरा, हप्त्यांत नाही, आणि पुढच्या स्टेटमेंटवर उरलंसुरलं व्याज येईल तेही भरून टाका. मग कार्ड वर्षभर कपाटात. एफडी मोडलीत तर उरलेले चाळीस हजार आईसाठी वेगळ्या खात्यात ठेवा आणि आजवर जे साडेपाच हजार मिनिमम ड्यूला जात होते त्यांचं तिथेच आरडी लावा. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईचं नाव आहे का, हे एचआरला उद्याच विचारा. माझ्या अनुभवात निम्म्या लोकांना ते माहीतच नसतं.

आता पॉलिसी. पत्रासोबत तुम्ही पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. दहा वर्षं लाख-लाख भरायचे, वीस वर्षांनी साडेएकवीस लाख, विमा दहा लाखांचा. ‘एफडीसारखंच, वर विमा फुकट’ असं सांगून बँकेतल्या साहेबांनी ती दिली आणि नाव ठेवलं मुलीच्या शिक्षणाचं. पॉलिसी घेतली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. पैसे मिळतील तेव्हा ती पंचवीस वर्षांची असेल. इंजिनिअरिंगची फी अठराव्या वर्षी भरावी लागते, हे त्या साहेबांना ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

तुम्ही लिहिता की कागदावर आठ टक्के परतावा दिलाय. तो रकाना नीट बघा. चार टक्के आणि आठ टक्के असे दोन रकाने असतात. कंपनीच्या गुंतवणुकीवर एवढं सुटलं असं गृहीत धरून ते आकडे मांडलेले असतात. त्यातून खर्च, कमिशन, विम्याचा भाग वजा होतो आणि उरतं ते तुमचं. साडेएकवीस लाख हे आठच्या रकान्यातले आहेत, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर. त्या साडेएकवीस लाखांचा तुमच्या खिशाच्या बाजूनं हिशेब केला की दर निघतो पाच टक्के. दहाचे एकवीस झाले म्हणून दुप्पट वाटतं, वीस वर्षं मध्ये गेली हे लक्षात राहत नाही. तेच लाख-लाख पीपीएफच्या ७.१ टक्क्यांनी साडेएकोणतीस लाख होतात. मुलींसाठीच्या सरकारी सुकन्या समृद्धी योजनेच्या आजच्या ८.२ टक्क्यांनी पस्तीस लाखांच्या जवळ. हे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, कमी होऊ शकतात; तरी पाचावर यायला बराच वाव आहे.

मग दोन हप्ते भरलेत त्याचं काय? त्यांचा शोक एकदाच करा. कंपनीला ई-मेल पाठवून आजची सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी आज सोडली तर हातात येणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर पुढे मिळणारी रक्कम) लेखी मागवा, तोंडी आकडा घेऊ नका. हमी असलेली सरेंडर व्हॅल्यू दुसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के, तिसऱ्या वर्षी ३५ टक्के. पन्नास टक्के चौथ्या वर्षापासून. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांत बसणारी पॉलिसी असेल तर स्पेशल सरेंडर व्हॅल्यू याहून जास्त असू शकते. समजा दोन लाखांतले ऐंशी हजार हातात आले. एक लाख वीस हजार बुडाले असंच वाटेल. पण ते ऐंशी हजार आणि पुढचे आठ हप्ते सुकन्यात टाकले, तर त्याच दिवशी, म्हणजे अठरा वर्षांनी, अठ्ठावीस-एकोणतीस लाख दिसतात. पॉलिसी चालू ठेवली तर साडेएकवीस. तोटा सोसूनही सात लाख पुढे. मुलगी दहाची व्हायच्या आत खातं उघडता येतं आणि ती अठराची झाली की शिक्षणासाठी आधीच्या वर्षअखेरीच्या शिलकीतला अर्धा भाग काढता येतो.

खरं तर तुम्हाला वर्षाला लाख परवडतच नाहीत. परवडत असते तर कार्ड घासावं लागलं नसतं. पॉलिसीत लाख म्हणजे लाखच. सुकन्यात वर्षाला २५० रुपयांपासून चालतं. आधी आईचा फंड लाखापर्यंत जाऊ द्या, मग महिन्याला दोन-तीन हजारांनी सुरुवात करा.

क्रम मात्र चुकवू नका. पॉलिसी सोडण्याआधी टर्म विमा (ज्यात पैसे परत येत नाहीत, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम मिळते) घ्या. दहा लाखांचा विमा ५८ हजार पगाराच्या घराला दीड वर्ष पुरत नाही, आणि त्यामागे गाडीचं कर्जही आहे. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, एक कोटीचा टर्म वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास बसतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. टर्मची पॉलिसी हातात आल्यावर, आणि आजार काहीही न लपवता अर्ज भरलाय याची खात्री झाल्यावर, मगच जुनी सरेंडर करा. जानेवारीचा हप्ता कार्डावर भरायचा नाही. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे सगळं बसतं. आजच सुरुवात केलीत तर.

‘एफडीसारखंच’ असं त्यांनी कुठे लेखी दिलं असेल, अगदी व्हॉट्सअॅपवरही, तर स्क्रीनशॉट काढून कंपनीकडे तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर बीमा लोकपालांकडे जाता येतं, वकील लागत नाही, फी नाही. लेखी काही नसेल तर अवघड आहे, कारण प्रत्येक पानावर सही तुमची आहे.

सरेंडरचा अर्ज गेला की बँकेतून फोन येईल. साहेब बदललेले असतील, आवाज गोड असेल आणि तोटा भरून काढणारी दुसरी स्कीम तयार असेल. त्यांना सांगा, जे काय आहे ते ई-मेलनं पाठवा. बहुतेक वेळा ई-मेल येत नाही. आणि मशीन मार्चनंतर घ्या, रोखीनं.