दुकान घेण्याआधी मिरची घ्या

कराडहून एका ताईंचं पत्र आलंय. सहा वर्षं त्या घरच्या घरी कांदा-लसूण मसाला करून विकतात. महिन्याला साधारण ११० किलो जातो. आता बसस्थानकाजवळ एक गाळा मिळतोय: डिपॉझिट दोन लाख, भाडं १४,०००, फर्निचर आणि बोर्डाचे दीड लाख. पुण्याची एक एजन्सी महिन्याला १५,००० घेऊन फेसबुक-इन्स्टाग्राम सांभाळायला तयार आहे. पैसे आहेत ते साडेचार लाखांच्या एफडीत, आणि ती मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली. मुलगी आत्ता अकरावीला आहे. गाळेमालकाला ११,००० टोकन देऊन झालंय, भाडं १ मार्चपासून सुरू होणार. एफडी मोडावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मोडू नका. गाळाही आत्ता घेऊ नका. असं का म्हणतोय ते तुमच्याच वहीतून सांगतो, कारण पत्रासोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवून तुम्ही माझं निम्मं काम करून ठेवलंय. पानांच्या कडेला मसाल्याच्या बोटांचे लाल ठसे आहेत, पण आकडे स्वच्छ आहेत. इतका नीट हिशोब ठेवणारी माणसं मला फार कमी भेटतात.

पत्रात तुम्ही लिहिता, "महिन्याला साठ हजार कमावते." ती कमाई नाही, विक्री आहे. मिरची, धणे, खोबरं, कांदा-लसूण, तेल, कांडप आणि पाकीट धरून तुम्हाला किलोमागे ३७० रुपये पडतात. ७५ किलो तुम्ही थेट घरोघरी ५६० ने विकता, तिथे किलोला १९० सुटतात. ३५ किलो दोन किराणा दुकानांना ४८० ने देता, तिथे सुटतात फक्त ११०. सगळे मिळून १८,१००. त्यातून पेट्रोल, फोन, गॅस-वीज असे २,६०० गेले की हातात उरतात १५,५००. दिवसाला सात तास आणि महिन्याला २६ दिवस धरले तर तुमच्या एका तासाला सुमारे ८५ रुपये पडतात. ही रक्कम वाचून वाईट वाटून घेऊ नका, पण हाच आकडा समोर ठेवून गाळ्याकडे बघा.

गाळ्याचं भाडं १४,०००, वीज २,०००, गल्ल्यावर बसायला एक मुलगी ठेवली तर ९,०००. एफडीतले साडेतीन लाख काढले तर सात टक्क्यांनी महिन्याचं साधारण २,००० व्याज बुडतं. झाले २७,०००. किलोला १९० सुटत असतील तर नुसता हा खर्च भरून काढायला दर महिन्याला १४२ किलो जादा मसाला विकावा लागेल. एजन्सी धरली तर २२१ किलो. म्हणजे आजच्या ११० वरून ३३१ वर जायचं, तेही पहिल्या महिन्यापासून, आणि तिथे पोचल्यावरही तुमच्या हातात उरणार आजच्याइतकेच १५,५००.

आणि एवढा मसाला करणार कोण? दुकान उघडलं म्हणून चुलीवर कांदा-खोबरं आपोआप भाजून होत नाही. मसाला हा रोज घ्यायचा जिन्नसही नाही. दूध-भाजीसारखं येता-जाता गिऱ्हाईक आत शिरत नाही. तो विश्वासावर खपतो, आणि तो विश्वास तुम्ही घराच्या दारातून कमावलाय. शिवाय गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा. मालकाने पुढे भाडं वाढवलं किंवा गाळा मागितला, तर भिंतीला ठोकलेलं दीड लाखाचं फर्निचर तिथेच राहतं.

पत्रात एक वाक्य आहे, त्यावर मी बराच वेळ थांबलो: "घरात बसून करते म्हणून याला कुणी धंदा समजत नाही." मला वाटतं, गाळ्यामागचं खरं कारण हेच आहे, आणि ते क्षुल्लक नाही. सहा वर्षं राबलेल्या बाईला आपल्या नावाची पाटी हवीशी वाटणं रास्तच आहे. पण त्यासाठी साडेतीन लाख लागत नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. धंद्याचं बँक खातं वेगळं काढा. त्या खात्यातून दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःच्या बचत खात्यात ठरलेली रक्कम पगार म्हणून टाका. सुरुवातीला दहा हजार टाकलेत तरी चालेल. घरातली माणसं हा धंदा मानायला लागतील ती ही नोंद बघून.

आता उधारीच्या पानाकडे येऊ. त्या दोन दुकानांकडे तुमचे ३८,४०० रुपये अडकलेत, सगळ्यात जुनं बिल पाच महिन्यांपूर्वीचं. म्हणजे ८० किलो मसाला त्यांच्या फळीवरून विकला गेला, त्यांनी पैसे वापरले, आणि तो करायला तुमचे खिशातले २९,६०० गेले. कमी भाव आणि वर बिनव्याजी उधार, असा हा व्यवहार आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पण गावात कायदा दाखवून वसुली होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जुनं बिल चुकतं झाल्याशिवाय नवा माल नाही, एवढंच सांगा आणि त्यावर ठाम राहा. एखादं दुकान तुटलं तर तुटू द्या.

कारण हे पैसे तुम्हाला आत्ता, मार्चच्या तोंडावर लागणार आहेत. तुमच्याच नोंदी बघा: गेल्या मार्चमध्ये संकेश्वरी आणि ब्याडगी मिळून सरासरी १९० रुपयांनी घेतलीत, आणि ऑक्टोबरात तीच मिरची २५० ने. दर महिन्याला ४०-५० किलो घेत राहिल्याने वर्षाचा निम्मा काळ तुम्ही महाग मिरची कांडताय. नेहमीच्या खरेदीशिवाय २०० किलो मिरची हंगामात जादा घ्या. १९० ने ३८,००० होतात, म्हणजे जवळपास तुमच्या उधारीएवढेच. वाळून आणि निवडून दहा टक्के तूट धरली तरी १८० किलो उरते, आणि गेल्या वर्षीसारखा भाव राहिला तर ऑक्टोबरात तिची किंमत ४५,०००. सहा-सात महिन्यांत सात हजार सुटले. एफडी वर्षभरात एवढ्या रकमेवर २,६६० देते.

इथे सावध मात्र राहा. मिरची दर वर्षी चढतेच असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रच्या मिरचीचे भाव इतके घसरले होते की केंद्राला शेतकऱ्यांना सावरण्यासाठी क्विंटलला ११,७८१ रुपयांचा हस्तक्षेप भाव ठरवावा लागला. म्हणून मी २०० किलो म्हणतोय, वर्षाची सगळी ६०० म्हणत नाही. कडक ऊन दाखवून, देठासकट, कोरड्या पत्र्याच्या डब्यात किंवा पिंपात ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा. बुरशी लागलेली एक मूठ मिरचीही कांडपात जाऊ देऊ नका, तुमचं सगळं नाव त्या एका चवीवर उभं आहे.

उधारी वेळेत आली नाही तर? एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला. बँका साधारणपणे एफडीच्या व्याजाहून एक ते दोन टक्के जास्त घेतात, तेही वापरलेल्या रकमेवर. ४०,००० सहा महिने नऊ टक्क्यांनी वापरले तर १,८०० व्याज होतं. मुलीचे पैसे जागेवर राहतात. तिच्याबद्दल एक सांगायचं म्हणजे, जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर दाखले आत्तापासून काढून ठेवा. वसतिगृह, खानावळ, लॅपटॉप मात्र घरचंच, आणि एफडी त्यासाठीच हवी.

आता भाव. ५६० चे ६०० करा, म्हणजे अर्धा किलो २८० वरून ३००. थेट विक्रीच्या ७५ किलोवर महिन्याला ३,००० वाढतात, एकही जादा तास न घालवता. गिऱ्हाईक जाईल ही भीती खरी आहे, म्हणून हिशोब सांगतो: नव्या भावात किलोला २३० सुटतात, त्यामुळे ७५ चे ६२ किलो झाले तरी तुम्ही आजच्याच जागी आहात. एवढी माणसं तुमचा मसाला सोडून जातील असं मला वाटत नाही.

वेळेचं म्हणाल तर तुमचे रोज दोन तास स्कूटीवर जातात. एका पानावर एकाच दिवशी विद्यानगरला दोन फेऱ्या दिसतात, दोन्ही वेळा अर्ध्या-अर्ध्या किलोसाठी. मंगळवार आणि शनिवार हे पोचवण्याचे वार ठरवा, तीन-तीन तास. महिन्याला पंचवीसेक तास सुटतील. लोक कुरकुरत नाहीत, आधी सांगितलं की पुरतं.

एजन्सीला नाही म्हणा. ते तुम्हाला लाईक आणून देतील, पण तुमच्या वहीत २४० घरांची नावं आहेत आणि कुणाकडे अर्धा किलो किती दिवसांत संपतो तेही त्यात आहे. संपायच्या आठवडाभर आधी त्या घरी व्हॉट्सॲपवर नावाने दोन ओळी लिहा. प्रत्येक अर्ध्या किलोसोबत पन्नास ग्रॅमची एक पुडी द्या, "शेजारी द्या" म्हणून. तिला तुम्हाला वीस रुपयेसुद्धा लागत नाहीत. नोव्हेंबरात कराडला यशवंतराव चव्हाणांच्या नावाने कृषी प्रदर्शन भरतं, तिथे एक स्टॉल लावून बघा. दुकानाची हौस आणि परीक्षा दोन्ही चार-पाच दिवसांत होईल. बंगळुरूला पार्सल पाठवायचा विचार लिहिलाय, तो तूर्त थांबवा. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. पुण्या-मुंबईतल्या कराडकरांपर्यंत अजून तुम्ही पोचलेला नाहीत.

घरातूनच सलग सहा महिने दर महिन्याला १८० किलो मसाला रोखीने गेला, तर मला पुन्हा लिहा. तेव्हाही मी आधी कांडप यंत्राचा हिशोब मांडेन, गाळ्याचा नंतर.

राहिले टोकनचे ११,०००. ते बुडतील म्हणून गाळा घ्यायचा, असं घरात बोलणं चाललंय म्हणता. ११,००० म्हणजे तुमच्या ५८ किलो मसाल्याची मेहनत, मला तिची किंमत कळते. पण गाळ्यात एकाही महिन्यात ८४ किलोपेक्षा कमी जादा विक्री झाली, तर त्या एकाच महिन्यात याहून जास्त जातील. मालकाला याच आठवड्यात फोन करा, म्हणजे त्यांना दुसरा भाडेकरू बघायला वेळ मिळेल, आणि निम्मे तरी परत मागा.