त्या चार कार्डांचं काय?

प्रश्न : मी मालवण तालुक्यात राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी बाजारातल्या एका डीटीपीच्या दुकानात काम करते. शाळांची आयकार्डं, लग्नपत्रिका, सर्टिफिकेटं, क्रिकेट टूर्नामेंटचे टी-शर्ट अशी कामं असतात. दुकानाच्या मालकांना मी काका म्हणते. ते नावामागे एक रुपया द्यायचे. जूनमध्ये एका शाळेची 480 आयकार्डं आली. नावं एकेक करून टाईप करण्यात दरवर्षी चार संध्याकाळी जायच्या. यंदा मी शाळेची यादी एक्सेलमध्ये घेतली, कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रिंट मर्जला (यादीतलं एकेक नाव आपोआप कार्डावर बसवणारी सोय) जोडली आणि सगळी नावं एका संध्याकाळी बसवली. काका खूश झाले, पण म्हणाले, काम मशीननं केलं, आता नावामागे चार आणे. म्हणजे 480 ऐवजी 120 रुपये. बाबा रिक्षा चालवतात. ते म्हणतात, “ह्यां काय काम आसा? तलाठी भरतीचा अभ्यास कर.” मामा मुंबईला बोलावतोय. मैत्रिणी म्हणतात, एआय आलं की हेही जाणार. मला मात्र हे काम मनापासून आवडतं. मी काय करू?
ता. क. चार कार्डांवर फोटोंची अदलाबदल झाली, त्याचे पैसे माझ्याकडून कापले गेले.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या ता.क.पाशी थांबले. पैसे, मुंबई, एआय हे सगळं तू वर लिहिलंस आणि चार कार्डांची गोष्ट जाता जाता, एका ओळीत. मला विचारशील तर तुझ्या करिअरचा प्रश्न त्या ओळीत आहे. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

फोटो कसे बदलले असतील याचा मला अंदाज आहे. नावं मर्जनं बसली, फोटो हातानं लावले गेले. फोटोंच्या फायलींना मुलांची नावं दिलेली असणार. आपल्याकडे एका शाळेत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघे असणं काही नवलाचं नाही. अशा दोन जोड्या निघाल्या की चार कार्डं चुकतात. यात तुझा निष्काळजीपणा नाही. नाव ही ओळख पटवण्याची खूणच नव्हे, हे तुला कोणी सांगितलेलं नव्हतं, इतकंच. शाळेत प्रत्येक मुलाला जनरल रजिस्टरचा एक नंबर असतो. त्या शाळेत तो दुसऱ्या कुणाला नसतो. यादीत पहिला रकाना त्या नंबराचा ठेव आणि फोटोच्या फायलीलाही तोच नंबर दे. मग दोन काय, दहा सारखी नावं आली तरी गोंधळ होणार नाही.

दुकानात इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर असेल तर फोटोही हातानं लावू नकोस. त्याच्या डेटा मर्जमध्ये फोटोच्या रकान्याचं शीर्षक @ या चिन्हानं सुरू करायचं आणि खाली प्रत्येक ओळीत फोटोची फाईल कॉम्प्युटरवर कुठे आहे तो पत्ता द्यायचा, म्हणजे नाव आणि फोटो एकाच ओळीतून येतात. एक्सेल ते चिन्ह सूत्र समजून अडून बसतं. अशा वेळी आधी एक अपॉस्ट्रॉफी टाकायची आणि मग @ लिहायचं.

माझ्याकडून झालेली एक चूक तुला सांगते. मी शिक्षिका होते तेव्हाची गोष्ट. स्नेहसंमेलनाच्या सर्टिफिकेटांची यादी माझ्याकडे होती. नावं अकारविल्हे लावावीत म्हणून मी नावांचा रकाना निवडला आणि सॉर्ट केलं. एक्सेलनं विचारलं, शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे का? मी घाईत ‘आहे तेवढंच’ या पर्यायावर बोट ठेवलं. नावं हलली, बक्षिसं जागेवरच राहिली. सर्टिफिकेटं छापून आली, वाटली गेली. पाचवीतली एक मुलगी स्टेजवरून खाली आली, कागद वाचला आणि माझ्याकडे घेऊन आली. धावण्यात पहिली आली होती ती, आणि कागदावर तिच्या नावापुढे रांगोळी. “बाई, हे माझं नाही,” एवढंच म्हणाली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. त्या दिवसापासून मी कुठल्याही यादीची एक न हलवलेली प्रत बाजूला ठेवल्याशिवाय कामाला हात लावत नाही. तूही तसंच कर.

आता पैशांचं. काकांवर रागावू नकोस. त्यांचं गणित जुनं आहे : टायपिंगला वेळ लागतो, म्हणून टायपिंगचे पैसे. वेळ वाचला की पैसेही कमी, असं त्यांना वाटणं साहजिक आहे. पण तू त्या संध्याकाळी टायपिंग केलंच नाहीस. दुसरीच तीन कामं केलीस आणि तिन्ही एका दरात घातलीस. कार्डाचा लेआउट मर्जसाठी तयार केलास, हे एक. शाळेकडून आलेली यादी नीट केलीस, हे दुसरं आणि सगळ्यात मोठं. मग नावं ओतलीस. पुढच्या कामाला तिन्हींचे पैसे वेगळे माग. नमुना म्हणून धर : लेआउटचे 150, यादी साफ करून तपासण्याचे 200 आणि नावामागे काका म्हणतात तेच चार आणे, म्हणजे 120. झाले 470. काकांना सांग, “चार आणे मला मान्य आहेत, पण यादीची जबाबदारी माझी आणि तिचे पैसे वेगळे. नाव किंवा फोटो चुकला तर परत छापायचा खर्च माझ्याकडे.” ही शेवटची अट तू स्वतःहून घातलीस की बोलणं बदलतं. तू चार संध्याकाळींचं काम एका संध्याकाळी करतेस म्हणजे त्यांना जूनमध्ये आणखी शाळा घेता येतात, हेही त्यांना वहीत आकडे मांडून दाखव.

पण यादीची जबाबदारी घ्यायची तर यादीत काय काय बिघडतं ते माहीत हवं. ते शिकायला कॉलेज लागत नाही, चिकाटी लागते.

टी-शर्टाचं काम येईल तेव्हा हे करून बघ. नावांच्या शेजारी एक रकाना घे आणि त्यात अक्षरं मोजणारं एलईएन (LEN) हे सूत्र लाव. ‘परब’पुढे 3 येईल. ‘पिंगुळकर’ आपल्याला पाच अक्षरी दिसतं, पण एक्सेल 8 सांगेल, कारण वेलांटी, अनुस्वार, उकार असं सगळं ते सुटं मोजतं. म्हणून हा आकडा म्हणजे नावाची खरी रुंदी नव्हे. पण रकाना उतरत्या क्रमानं लावलास, आणि या वेळी सगळे रकाने सोबत घेऊन, तर सगळ्यात लांब दहा-पंधरा नावं वर येतात. लेआउट त्यांच्यावर बेत. पाठीवर पिंगुळकर बसला की परब कुठेही बसेल. उलट केलंस तर टूर्नामेंटच्या आदल्या रात्री टी-शर्टवर नावं छापणाऱ्या हीट प्रेससमोर उभं राहून अक्षरं दाबत बसावं लागेल.

घरगुती उद्योगांची लेबलंही तुझ्याकडे येतच असतील : कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी. त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, 14 आकडी नंबर लागतो. तो साध्या रकान्यात टाकलास की एक्सेल त्याचं 1.15E+13 असं काहीतरी करून ठेवतं, आणि तशीच सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे करणारी साधी फाईल) सेव्ह झाली तर लेबलावर तेच छापलं जातं. आकडे 15 पेक्षा जास्त असतील तर पुढच्या आकड्यांचे सरळ शून्य होतात, ते परत मिळत नाहीत. 007 चा 7 होतो. म्हणून नंबरांचा रकाना आकडे भरायच्या आधीच ‘टेक्स्ट’ करायचा. भरल्यावर करून उपयोग नाही.

मराठी नावांचा त्रास तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. शाळा यादी युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालणाऱ्या मराठीत, पाठवते आणि दुकानातले निम्मे फॉन्ट जुन्या पद्धतीचे, त्यामुळे मर्ज केलं की अक्षरांचा नुसता गोंधळ. जुन्या फॉन्टवर अडून राहू नकोस. ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या मंडळींनी केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट फुकट आहेत, युनिकोड आहेत आणि कार्डावर स्वच्छ उठतात. एक्सेलमधून इनडिझाइनला यादी देताना साध्या सीएसव्हीऐवजी ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून सेव्ह कर. मराठी टिकतं, आणि रकाने टॅबनं वेगळे होत असल्यामुळे पत्त्यातल्या स्वल्पविरामांचा प्रश्नच उरत नाही. घरी एक्सेल नसेल तर लिबरऑफिस उतरवून घे, तेही फुकट आहे. सीएसव्ही सेव्ह करताना ते कोणतं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) हवं हे विचारून घेतं, त्यामुळे मराठी टिकवणारं यूटीएफ-8 निवडायला विसरायला होत नाही. आणि फॉन्ट कुठलाही असो, ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ अशी नावं मर्ज झाल्यावर डोळ्यांनी बघ. ऱ्ह जुन्या फॉन्टमधून नव्यात येताना हमखास मोडतो.

आता एआय. मैत्रिणींचं म्हणणं अर्धं खरं आहे. नावं ओतण्याचं काम आत्ताही कॅनव्हा या डिझाइनच्या वेबसाइटचं बल्क क्रिएट कुणालाही करून देतं, आणि उद्या ते बोलूनही करून घेता येईल. पण एका यादीत ‘गावकर’ आणि दुसऱ्या यादीत ‘गांवकर’ आला तर चूक कोणती? सामंत आणि सावंत यांच्यात एका अक्षराचा फरक, आणि दोन्ही आडनावं आपल्या जिल्ह्यात गावोगाव. इंग्रजी कार्डावर तोच सावंत एका घरात डब्ल्यू लावतो, दुसऱ्या घरात व्ही. यातलं काहीही चूक असू शकतं, काहीही बरोबर. ज्याचं नाव त्याला किंवा त्याच्या वर्गशिक्षकाला विचारल्याशिवाय ते कळत नाही, आणि विचारायला हवं हे तुला सुचतं, कारण तू इथली आहेस. म्हणून कार्ड छापण्याआधी वर्गवार यादीचा कागद काढ, शाळेत पाठव, प्रत्येक वर्गशिक्षकाची सही घे. डिझाइन दाखवून ‘बरोबर आहे ना’ विचारू नकोस. लोक रंग बघतात, नाव वाचत नाहीत. नुसती यादी दिली की ती वाचली जाते.

त्या यादीत लहान मुलांचे फोटो, पत्ते, पालकांचे मोबाईल असतात, हेही ध्यानात असू दे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. ती शाळेनं घ्यायची, पण काम पोचलं की दुकानातल्या कॉम्प्युटरवरून फोटो आणि नंबर काढून टाकणं तुझ्या हातात आहे. लेआउट ठेव, माहिती ठेवू नकोस. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फायलीही पुस.

मुंबईला आत्ता जाऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. बी.कॉम. पूर्ण कर. मामाकडे जायचंच तर सुट्टीत पंधरा दिवस जा आणि एखाद्या डिजिटल प्रेसमध्ये बस. तिथे या कामाला व्हेरिएबल डेटा प्रिंटिंग म्हणतात. हॉलतिकिटं, बिलं, औषधांची लेबलं, परिषदांचे बॅज, सगळ्यामागे तुझ्या 480 ओळींसारखीच यादी असते, फक्त लाखभर ओळींची. ते बघून तुला आणखी खोलात जावंसं वाटलं तर जे.जे.च्या आवारातल्या शासकीय मुद्रण तंत्र संस्थेच्या पदविकेची चौकशी कर. पण माझ्या मते तुला आधी त्याची गरज नाही. वाणिज्य शाखेची मुलगी आहेस, ताळा जुळवायची सवय आहे. त्यात इनडिझाइनपुरतं जावास्क्रिप्ट शिकलीस तर लांब नाव आपोआप चौकटीत बसवणारी छोटी स्क्रिप्ट तू स्वतः लिहू शकशील. एवढं येणारी मुलगी मालवणात बसून पुण्या-मुंबईच्या प्रेसचं काम करू शकते. यादी ई-मेलनं येते, पीडीएफ ई-मेलनं जाते.

बाबांशी वाद घालू नकोस. तलाठी भरतीचा अभ्यास करायचा असेल तर जरूर कर, त्याला पदवी लागतेच आणि ती तू घेतेच आहेस. पण एकदा संध्याकाळी त्यांना दुकानात बोलव. त्यांच्या रिक्षा स्टँडवरच्या सगळ्यांची नावं आणि रिक्षांचे नंबर एका यादीत घे आणि त्यांच्यासमोर मर्ज करून प्रत्येकाच्या रिक्षेसाठी स्टिकर काढ. त्यातला एखादा नंबर आधी मुद्दाम त्यांच्याकडून तपासून घे. तू काय करतेस हे त्यांना तिथे दिसेल, माझ्या या पत्रातून दिसणार नाही.

जिल्हा उद्योग केंद्र, स्वतःचं दुकान, कर्ज हे सगळं दोन वर्षांनी. तेव्हा पुन्हा लिही, कुठल्या टेबलाशी काय विचारायचं ते सविस्तर सांगेन.

आणि उद्या दुकानात गेलीस की आधी ती चार कार्डं कर. तुझ्याकडून पैसे कापले गेले, पण मुलांना बरोबर कार्डं मिळाली की नाही, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. शाळेत फोन करून चौघांचे जनरल रजिस्टर नंबर माग, फोटो त्यांच्याशी ताडून बघ आणि कार्डं पाकिटातून पाठवू नकोस. मधल्या सुट्टीत स्वतः जा आणि ज्याचं त्याच्या हातात दे.