लांब पोहताना पोटरीत गोळा येतो, मिठाच्या गोळ्या घेऊ का?

तुम्ही विचारलंय : परभणीत जलतरण तलावात दोन किलोमीटर आरामात होतात, तिसऱ्यात पोटरीत गोळा येतो. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर लांब पल्ल्याला उतरायचंय, तर मिठाच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

गोळ्या राहू द्या. आधी बघा, पोहताना तुमचा पंजा कसा असतो.

मी नांदेडचा. पोहायला शिकलो शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. पुढे फ्रीस्टाइल शिकताना ‘पाय ताणा, पाय ताणा’ इतकं ऐकलं की पंजा काठीसारखा ताठ धरायची सवयच लागली. विष्णुपुरी धरणाच्या बॅकवॉटरला एका पहाटे, काठापासून बराच आत, उजवी पोटरी दगड झाली. हात लावला तर कातडीखाली लिंबाएवढी गाठ. मी पाय झाडत सुटलो, नाकातोंडात पाणी. सोबत होडीवर एक मामा होते, ते ओरडले, “अण्णा, काहून हातपाय मारायलाव? उताणं व्हा की!”

उताणं झालो आणि वाचलो. तुम्हीही पहिलं तेच करा. छातीत हवा भरून पाठीवर तरंगा, एक हात वर करून होडीला खूण करा. मग गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं धरा आणि नडगीकडे ओढून ठेवा, झटके न देता. हात पोचत नसेल तर दुसऱ्या पायाच्या टाचेने पंजा वर रेटा. साधारण अर्ध्या मिनिटात गाठ सैल होऊ लागते. गोळा मांडीच्या मागे आला तर गुडघा सरळ करायचा, पुढे आला तर टाच कुल्ल्याकडे ओढायची. समुद्राचं पाणी खारं, अंग जास्त तरंगतं, त्यामुळे उताणं राहणं तिथे सोपं जातं. लाट तोंडावर येते तेवढंच.

सुटल्यावर लगेच लाथा मारू नका, तीच पोटरी परत धरते. दहा-पंधरा मिनिटं हातांवरच चला, पाय मागे ओढत येऊ द्या.

आता मीठ. पंजा ताणून धरला की पोटरी सगळा वेळ आखूड राहते. असा आखडलेला स्नायू थकला की त्याला ‘आवळ’ म्हणणारा इशारा वाढतो आणि ‘सोड’ म्हणणारा क्षीण होतो. गोळ्याचं हे कारण आज मीठ कमी पडण्यापेक्षा जास्त पटण्यासारखं मानलं जातं. तलावात तर दर वळणाला भिंतीला लाथ मारून तुम्ही त्याच पोटरीला आणखी दमवता. लोणच्याचा खार प्यायला की गोळा लवकर सुटतो, हे प्रयोगात दिसलंय. पण तो सुटतो मीठ रक्तात पोचायच्या आत, म्हणजे घशातल्या नसांना बसलेल्या झटक्याने. (आमच्या होडीत कैरीच्या लोणच्याचा खार असतो. घोटभरच. जास्त प्यायलात तर उलटी ठरलेली.)

पाणी मात्र प्या. उन्हाळ्यात आपल्याकडचं पाणी कोमट असतं, पोहताना घाम येतो आणि कळतही नाही. ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण एक लिटरातच कालवा, घट्ट करू नका. दर अर्ध्या तासाला थोडं थोडं घ्या.

खरा फरक मला पडला तो घरच्या जिन्यावर. पायरीच्या कडेला चवडे टेकवून टाचा हळू खाली, हळू वर. रोज पंधराचे तीन फेर, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. शिवाय हाताच्या एका फेऱ्याला एकच लाथ, पंजा ओल्या फडक्यासारखा सैल. वेग थोडा गेला. गोळा मात्र गेल्या दोन हिवाळ्यांत एकदाच आला, तोही आदल्या रात्री लग्नाला जाऊन झोप बुडाली होती म्हणून, असं मी धरतो.

एकाच पोटरीत दुखणं दोन दिवस राहिलं, सूज आली, कातडी गरम लागली तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिरेत गुठळी असू शकते. बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि मालवणच्या आधी तीन-चारदा तरी उघड्या पाण्यात उतरा, होडी सोबत घेऊनच. मासेमारीची जाळी कुठे लावलीत ते होडीवाल्याला आधी विचारून घ्या. गोळा आलेला पाय जाळ्यात अडकला तर उताणं होऊनही भागत नाही.