तोफ नसलेलं जहाज आणि आपली गोदावरी

प्रश्न : मुलाकडे कोचीला गेले होते, तेव्हा नौदलाचं 'आयएनएस सागरध्वनी' हे जहाज पाहिलं. मुलगा म्हणाला, यावर शास्त्रज्ञ असतात, हे लढायला जात नाही. मग नौदलाला त्याचा काय उपयोग?
– एक वाचक भगिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, मी नौदलात बारा वर्षं सोनारवर, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावर होतो. कानाला हेडफोन लावून पाण्यातले आवाज टिपायचे, हे माझं काम. सकाळी सरावात जी पाणबुडी सापडायची, तीच दुपारी तेवढ्याच अंतरावर हरवायची. यंत्र तेच, माणूस तोच. बदललेलं असायचं पाणी. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. उन्हानं वरचा थर तापला की तिथे तो आणखी जोरात धावतो, खालच्या गार पाण्यात मंदावतो, आणि त्यामुळे त्याची वाट खाली वळते. त्या वळणापलीकडे पाणबुडीला लपायला जागा मिळते. कुठल्या समुद्रात, कुठल्या महिन्यात, किती खोलीवर ही जागा असते, हे माहीत नसेल तर महागडं सोनारही आंधळं.

हे शोधायचं काम 'सागरध्वनी'चं. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेलं हे ८५ मीटर लांबीचं जहाज जुलै १९९४ मध्ये नौदलात आलं. चालवतात नौसैनिक, प्रयोग करतात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या कोचीतल्या एनपीओएल प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. ठरलेल्या जागी थांबायचं, तारेला बांधलेलं उपकरण खोल सोडायचं, तापमान आणि क्षारता मोजायची, पुढे निघायचं. ऐकायला नीरस वाटेल. मला या कामाबद्दल फार आदर आहे.

याआधीचं जहाज 'किस्तना', म्हणजे कृष्णा. दुसऱ्या महायुद्धात बांधलेली तोफांची नौका, पण १९६२ ते १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत तिनं समुद्र मोजला. २०१९ पासून 'सागरमैत्री' मोहिमेत 'सागरध्वनी' तिच्याच जुन्या वाटांवरून फिरतं आहे. पन्नासहून अधिक वर्षांत पाणी किती बदललं, हे त्यातून कळू शकतं. 'किस्तना'च्याच वर्गातली एक नौका 'गोदावरी' होती. फाळणीत ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली. सह्याद्रीतल्या दोन नद्यांच्या नावाच्या बहिणी अशा दोन देशांत गेल्या, हे मला अजून लागतं.

आणि तुम्ही पंचवटीच्या, म्हणून एवढं सांगतो. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीपाशी गोदावरीचा पूर पाहायला आपण गर्दी करतो. धरणं, बंधारे ओलांडून जे पाणी राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागरात पोचतं, ते लगेच मिसळत नाही. गोडं पाणी हलकं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यासारखंच तेही खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. क्षार कमी झाले की आवाजाचा वेगही घटतो. उपसागरात बुडी मारणारं उपकरण पहिल्या काही मीटरांत मोजतं तो हाच थर.