पुडी आठवड्याची, घेतली रोज

यवतमाळकडचे एक काका, वय सत्तरच्या आसपास, प्रोस्टेटचा कॅन्सर, हार्मोनचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी चालू. काकूंची तक्रार होती की हे जेवत नाहीत, संडासला होत नाही, सारखं पाणी पितात आन रात्री सहा-सहा वेळा लघवीला उठतात. लघवीचं काय, प्रोस्टेटवाल्यांना असतेच म्हणून घरच्यांनी सोडून दिलं, आणि खरं सांगायचं तर मीपण आधीच्या भेटीत नुसतं "पुड्या घेता नं?" विचारलं, ते "हो" म्हणाले, विषय संपला.

यावेळी काकूंनी पिशवी उलटी केली तर व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या रिकाम्या पुड्या निघाल्या. मोजल्या, ३४. डॉक्टरांनी लिहिल्या होत्या ८, आठवड्याला एक.

"आठवड्याले एक कायले, रोज घेतली त कॅन्सर लवकर जाईन," काका म्हणाले. भाच्यानं मोबाईलवर काहीतरी पाठवलं होतं, मग रिकामी पुडी दाखवून मेडिकलमधून आणत गेले, दुधात टाकून.

व्हिटॅमिन डीनं कॅन्सर जातो का, हा प्रश्न मला खूप जण विचारतात म्हणून नीट सांगते. ही पुडी कॅन्सरवर नाही, हाडांसाठी आहे, कारण हार्मोनच्या इंजेक्शननं हाडं ठिसूळ होत जातात. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर मोठा अभ्यास झाला, निम्म्यांना ५ वर्षांच्या वर रोज २००० युनिट दिलं, तरी कॅन्सर होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. आणि हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मग तहान, बद्धकोष्ठ, किडनीवर ताण. काकांचं कॅल्शियम ११.८ आलं, साडेदहाच्या आत पाहिजे. डॉक्टरांनी पुडी आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही लगेच बंद केल्या.

काका नाराज. "जन्म उनात गेला बाप्पा, मंग डी कमी काहून?" प्रश्न बरोबर होता त्यांचा. पण शेतात फुल बाह्यांचा सदरा, डोक्यावर दुपट्टा, आणि आजारी पडल्यापासून तर वर्षभर ओसरीतच.

"मंग कॅन्सरसाठी काय घेऊ?"

ते इंजेक्शनच, म्हटलं, कधी आहे पुढचं? तर चार दिवसांवर होतं, आणि पुड्या चालू आहेत तर कापूस वेचून झाल्यावर पाहू असा त्यांचा बेत होता.

काकू पुड्या परत पिशवीत कोंबत म्हणाल्या, "मी आणतो नं जी यायले, कापूस कुठं पळून चालला."