पोरं टिकत नाहीत, काय करू?

प्रश्न: बाणेरला आमची २५ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. फ्रेशर्सना आठ महिने शिकवतो आणि ते बंगळुरूला पळतात. मध्येच सोडलं तर दोन लाख भरायचे, असा बॉन्ड करून घेऊ का? ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतलीत.

उत्तर: सर्टिफिकेटं आधी परत करा, आजच. बॉन्डचं म्हणाल तर मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बॉन्ड मान्य केला खरा, पण बँकेचं म्हणणं होतं की कोणी मध्येच गेलं की जाहिरातीपासून सगळी भरती परत करावी लागते. तुमची भरती दोन इंटरव्ह्यूत उरकते, तुम्हाला ट्रेनिंगचा खरा खर्च दाखवावा लागेल. आणि जिंकलात तरी काय, बॉन्डमध्ये अडकलेलं पोरगं दिवस मोजत बसतं हो, काम कुठलं करतंय!

प्रश्न: हिंजवडीत टीम लीड आहे. तीन वर्षं जुन्या डेव्हलपरने पेपर टाकलेत, राजीनामा दिलाय. थांबावा म्हणून पगार वाढवून काउंटर ऑफर द्यावी का?

उत्तर: देऊन बघा, पण उशीर झालाय. ९० दिवसांचा नोटीस पिरियड आपणच लावतो आणि तेवढ्यात पोरं अजून दोन ऑफर आणतात. माझ्या टीममधला एक मुलगा असाच गेला. टपरीवर चहा पिताना नव्या जॉइनीने सहज पॅकेज सांगितलं, याच्यापेक्षा चार लाख जास्त, आणि त्या नव्याला काम शिकवत होता हाच. वर आला तेव्हा कागदी कप चुरगाळून हातातच होता, बोलला काहीच नाही, पंधरा दिवसांनी मेल. एचआरच्या शीटमध्ये कारण काय, तर ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’. मी त्याला आठ टक्के हाइक दिली म्हणून खुशीत होतो! तेव्हा अप्रायझलच्या आधीच बघा, हाच माणूस आज बाहेरून घ्यायचा तर कितीला मिळेल, आणि फरक आपणहून भरा.

प्रश्न: पिझ्झा पार्टी, टेबल टेनिस, सगळं केलं. तरी जातात. (एचआर, नागपूर)

उत्तर: पिझ्झा खाऊ द्या की. पण वर्षभर नुसती सपोर्टची तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी, कोण बंद करतंय आणि रात्री साडेनऊला कॉल कोण लावतंय, ते तपासा.

प्रश्न: यंदा आमच्याकडे कोणी गेलंच नाही. म्हणजे जमलं ना?

उत्तर: इतक्यात पेढे नका वाटू. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसचा अ‍ॅट्रिशन रेट, म्हणजे वर्षभरात नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २८.४ टक्के होता, दोन वर्षांत तो निम्म्याखाली आला, आणि त्यात बाहेरच्या नोकऱ्या आटल्याचा मोठा हात होता. तुमच्याकडेही थोडे नाइलाजाने थांबले असतील. एकेकाला चहाला न्या, दुसरीकडून कॉल आला तर जाशील का म्हणून सरळ विचारा. ‘नाही सर’ पटकन आलं तर परत एकदा न्या.